फर्मवेअर अपडेटनंतर गिटारचा टोन बदलतो तेव्हा

डिजिटल गिटार पेडलमधला प्रीसेट (साठवलेला आवाज) तोच, नॉबचे आकडे तेच, गिटार तीच, तारासुद्धा कालच्याच. तरी फर्मवेअर, म्हणजे पेडलच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करून पेडल चालू केलं की आवाज वेगळा लागतो. कधी कंपनीने अँपचं मॉडेल (खऱ्या अँपची डिजिटल नक्कल) खरोखरच बदललेलं असतं. त्याहून बऱ्याच जास्त वेळा मात्र मॉडेलला हातही लागलेला नसतो, अपडेट करताना एखादी सेटिंग पुसली गेलेली असते आणि खापर मॉडेलवर फुटतं. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे, म्हणून आधी नेमकं काय झालंय ते ओळखता आलं पाहिजे. त्याची तयारी अपडेटच्या आधी करावी लागते, नंतर वेळ निघून गेलेली असते.

पायऱ्या समजावताना लाइन ६ कंपनीचं एचएक्स स्टॉम्प हे मल्टिइफेक्ट पेडल समोर ठेवलं आहे. तुमच्याकडे दुसरं मल्टिइफेक्ट किंवा मॉडेलिंग अँप असेल तर मेनूंची नावं बदलतील, क्रम हाच राहील.

प्रीसेटमध्ये नक्की काय असतं

प्रीसेट ही अगदी लहान फाइल. कोणते ब्लॉक, कोणत्या क्रमाने, कोणता नॉब कितीवर, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. अँपचा आवाज तयार करणारं गणित फर्मवेअरमध्ये असतं. आमटीच्या कृतीत ‘तिखट अडीच चमचे’ लिहिलंय, पण चमचा फर्मवेअरचा आहे. कंपनीने चमचा बदलला की कृती तीच राहून आमटी झणझणीत होते.

हा चमचा कुठे कुठे बदलू शकतो? सगळ्यात साधी जागा म्हणजे नॉबचा टेपर, म्हणजे नॉब फिरवताना किंमत कशी वाढत जाते ते. खऱ्या अँपमध्ये लिनिअर पॉट (नॉबखालचा बदलता रेझिस्टर) ५ वर ठेवला की निम्मा रेझिस्टन्स मिळतो. ऑडिओ टेपरचा पॉट त्याच ५ वर साधारण १० ते १५ टक्केच देतो. मॉडेलमधला टेपर खऱ्या अँपशी जुळवण्यासाठी कंपनीने दुरुस्त केला तर तुमच्या ५ चा अर्थच बदलतो. टोकांना, म्हणजे ० आणि १० वर, फरक पडत नाही. मधल्या आकड्यांवर पडतो. ‘अपडेटनंतर गेन कमी झाला’ असं वाटलं तर हे एक कारण डोक्यात ठेवा.

दुसरी जागा पॉवर अँप. जोरात स्ट्रोक मारला की व्हॉल्व्ह अँपच्या पॉवर सप्लायचा व्होल्टेज क्षणभर दबतो आणि मग सावरतो. याला सॅग म्हणतात. स्पीकरचा इम्पीडन्सही सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखा नसतो. खाली त्याच्या रेझोनन्सपाशी, गिटार स्पीकरच्या कॅबमध्ये (पेटीत) साधारण १०० हर्ट्झच्या आसपास, तो उंचावतो आणि वरच्या टोकाकडे पुन्हा चढत जातो. या दोन्हींचं गणित सुधारलं की पाम म्यूटचा (तळहात तारांवर टेकवून वाजवलेल्या स्ट्रोकचा) ‘धप्प’ बदलतो, हाताला अँप जास्त ताठ किंवा जास्त मऊ लागतं. रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याला हा फरक कमी कळतो. वाजवणाऱ्याला पहिल्या मिनिटात कळतो.

तिसरी जागा एलियसिंग. डिस्टॉर्शनमुळे वरचे हार्मोनिक तयार होतात. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८ हजार सॅम्पल घेत, चालणाऱ्या यंत्रात २४ किलोहर्ट्झच्या वर गेलेला हार्मोनिक उलटा दुमडून खाली येतो आणि सुरात नसलेली किरकिर होतो. आतलं ओव्हरसॅम्पलिंग (गणितापुरते जास्त सॅम्पल वापरणं) वाढवलं की ती कमी होते. हा फरक ऐकायचा असेल तर हाय गेनवर पहिल्या तारेवर १७ व्या फ्रेटच्या पुढे सावकाश बेंड घ्या. बेंड वर जाताना मागून काहीतरी खाली घसरताना ऐकू आलं तर ते एलियसिंग.

कंपन्यांचे स्वभाव वेगवेगळे

लाइन ६ चा कल जुनं न हलवता शेजारी नवं ठेवण्याकडे असतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेलं ३.५० हे फर्मवेअर याचं चांगलं उदाहरण. त्यात कॅबचं इंजिन नव्याने लिहिलं होतं. माइकची जागा, अंतर आणि कोन बदलता येऊ लागले. जुने कॅब मात्र काढून टाकले नाहीत, ‘लेगसी’ या गटात ठेवले. त्यामुळे आधीचे प्रीसेट जुन्याच कॅबवर वाजत राहिले. गोंधळ झाला तो नवा प्रीसेट बनवणाऱ्यांचा: यादीत वर दिसलेला त्याच नावाचा नवा कॅब घेतला, जुन्या प्रीसेटचे आकडे टाकले आणि आवाज जुळेना. जुळणारच नाही, माइकपासून सगळं वेगळं आहे.

फ्रॅक्टल ऑडिओचा स्वभाव नेमका उलटा. त्यांचं अ‍ॅक्स एफएक्स ३ हे २०१८ चं मॉडेलिंग यंत्र, पण त्याच्या आतलं मॉडेलिंग अनेकदा बदललं आहे; २०२१ मधला ‘सिग्नस’ हा त्यातला मोठा टप्पा. इथे मॉडेल जागच्या जागी सुधारतात, म्हणजे तुमचा जुना प्रीसेट उघडतो तो नव्या गणितावर. अशा अपडेटनंतर अँप ब्लॉक रीसेट करावा लागू शकतो, कारण खोलवरच्या पॅरामीटरचे जुने आकडे प्रीसेटमध्ये अडकून बसलेले असतात आणि ते नव्या मॉडेलसाठी योग्य असतीलच असं नाही. रीसेट करण्याआधी वरवरच्या नॉबचे आकडे लिहून घ्या.

केम्पर या यंत्रात प्रोफाइल हा खऱ्या अँपचा एका क्षणाचा ठसा असतो, त्यामुळे अपडेटने तो सहसा हलत नाही. २०२३ मध्ये ओएस १० सोबत लिक्विड प्रोफाइलिंग आलं, तेही टोन स्टॅक (अँपच्या बेस-मिड-ट्रेबल नॉबचं सर्किट) स्वतः नेमून दिला तरच लागू होतं. क्वाड कॉर्टेक्स या पेडलचे ‘कॅप्चर’ याच जातीचे.

आपलं यंत्र कोणत्या स्वभावाचं आहे ते कळलं की किती काळजी करायची ते ठरतं.

पायरी १: आज करायचं का

कार्यक्रमाला आठवडा उरला असेल तर करू नका. गणपती-नवरात्राच्या दिवसांत रोज ऑर्केस्ट्रा असेल तर दिवाळीपर्यंत थांबा, बिघडत काही नाही. फर्मवेअर जुनं झालं म्हणून पेडल वाजायचं थांबत नाही.

मग रिलीज नोट्स वाचा. ‘नवीन’ या शब्दाखाली जे असेल ते तुमच्या प्रीसेटला शिवत नाही. ‘सुधारलं’ आणि ‘दुरुस्त केलं’ यांखाली तुमच्या अँपचं किंवा ड्राइव्हचं नाव आहे का ते बारकाईने बघा. ट्रेडमार्कमुळे तिथे खरी नावं नसतात: एचएक्स स्टॉम्प ज्यातलं आहे त्या हेलिक्सच्या घराण्यात ‘ब्रिट २२०४’ म्हणजे मार्शल जेसीएम ८००, ‘यूएस डिलक्स’ म्हणजे फेंडर डिलक्स रिव्हर्ब, ‘एसेक्स ए३०’ म्हणजे व्हॉक्स एसी३०. ‘डिफॉल्ट बदलले’ असं लिहिलं असेल तर जुने प्रीसेट सुरक्षित आहेत, कारण त्यांचे आकडे त्यांच्यात लिहिलेले आहेत. नव्याने टाकलेला ब्लॉक तेवढा वेगळा सुरू होईल.

पायरी २: जुन्या आवाजाचा पुरावा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात आणि मग आठवणीतल्या आवाजाशी तुलना करत बसतात. कानाची आठवण काही सेकंदांपुरतीच भरवशाची असते. म्हणून गिटारचा कोरा, पेडलचा परिणाम न झालेला डीआय सिग्नल एकदाच रेकॉर्ड करायचा आणि तोच सिग्नल अपडेटच्या आधी आणि नंतर पेडलमधून फिरवायचा. बोटांचा फरक त्यातून बाद होतो.

एचएक्स स्टॉम्प यूएसबीने लॅपटॉपला जोडा. केबल प्रिंटरला लागते तशी, चौकोनी टोकाची. विंडोजवर लाइन ६ चा एएसआयओ ड्रायव्हर लागतो, मॅकवर लागत नाही. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवा. कोरा सिग्नल यूएसबी ५/६ वर येतो. तिथून मोनो ट्रॅक रेकॉर्ड करा, शिखरं उणे १२ ते उणे ६ डीबीच्या दरम्यान.

अर्धा मिनिट पुरे, पण त्यात काय वाजवायचं ते ठरवून घ्या. मोकळी सहावी तार एकदा छेडून चार सेकंद तशीच विरू द्या. मग पाम म्यूटचे आठ-दहा जोरदार स्ट्रोक. मग बोटांनी हळू वाजवलेला मोकळा ई मेजर. तोच पुन्हा गिटारचा व्हॉल्यूम ४ वर आणून. शेवटी वरच्या फ्रेट्सवरचा बेंड. सॅग, लो एंड, हलक्या हाताला अँप कसं स्वच्छ होतं ते, आणि एलियसिंग, सगळ्याची तपासणी यात होते.

आता रीअँपिंग, म्हणजे हा रेकॉर्ड केलेला सिग्नल पेडलमधून फिरवणं. डीआय ट्रॅकचं आउटपुट यूएसबी ३/४ ला पाठवा, पेडलवरच्या इनपुट ब्लॉकमध्ये गिटारऐवजी यूएसबी ३/४ निवडा आणि यूएसबी १/२ वरून परत येणारा आवाज नव्या स्टिरिओ ट्रॅकवर घ्या. डीआय ट्रॅक मास्टरलाही जात असेल तर तो बंद करा, नाहीतर कोरी गिटारही वर मिसळून ऐकू येईल. काही सॉफ्टवेअरमध्ये मोनो ट्रॅक मध्यावर पॅन केला की पॅन लॉमुळे ३ डीबी कमी होतो आणि अँपला कमी सिग्नल मिळतो. म्हणून दोन्ही वेळा हाच प्रोजेक्ट वापरा, फेडरला हात लावू नका. कोरस, फेजर, ट्रेमोलो आणि मॉड्युलेशन असलेले रिव्हर्ब-डिले बंद ठेवा. ते दर वेळी वेगळ्या जागेपासून फिरायला लागतात आणि तुलना बिघडवतात.

महत्त्वाचे चार-पाच प्रीसेट असे फिरवून घ्या. फाइलच्या नावात प्रीसेट आणि फर्मवेअरचा आकडा, दोन्ही हवेत.

पायरी ३: बॅकअप

लाइन ६ च्या एचएक्स एडिट या लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल मेनूतून पूर्ण बॅकअप घ्या. त्यात प्रीसेट, आयआर (कॅब-माइकच्या आवाजाचा ठसा असलेल्या फाइल) आणि ग्लोबल सेटिंग्ज येतात. त्याशिवाय लाडके प्रीसेट एकेक करून वेगळे एक्सपोर्ट करा, कारण एकच प्रीसेट बिघडला म्हणून सगळं यंत्र मागे न्यायची वेळ येऊ नये. ग्लोबल सेटिंग्जच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. आत्ता चालू असलेल्या फर्मवेअरची फाइल आणि त्याच्या जोडीची एचएक्स एडिटची आवृत्तीही उतरवून त्याच फोल्डरमध्ये टाका. एक प्रत लॅपटॉपबाहेर ठेवा.

पायरी ४: अपडेट

आधी नवीन एचएक्स एडिट बसवा, मग त्यातूनच फर्मवेअर अपडेट करा. क्रम उलटा झाला तर दोघांची ओळख पटत नाही. लॅपटॉप चार्जरवर, स्लीप बंद, बाकीची ऑडिओ सॉफ्टवेअर बंद. यूएसबी हब मध्ये नको, केबल थेट लॅपटॉपमध्ये.

लाइटचा विचार आधी करा. लॅपटॉपला बॅटरी आहे, पेडल मात्र ९ व्होल्टच्या अडॅप्टरवर आहे. लिहिणं अर्ध्यात असताना लाइट गेली की पेडल बंद. पावसाळ्यात किंवा जिथे लाइट ये-जा करते तिथे अडॅप्टर इन्व्हर्टरच्या प्लगमध्ये लावा.

अपडेट झाल्यावर पेडल पुन्हा सुरू होतं आणि प्रीसेट नव्याने बांधायला घेतं. याला काही मिनिटं लागू शकतात. पट्टी एका जागी थबकली म्हणून बंद करू नका. नवखे लोक इथेच चुकतात. त्यानंतर फॅक्टरी रीसेट करून बॅकअप परत चढवणं चांगलं. रीसेटसाठी चालू करताना दाबून धरायची बटणं प्रत्येक मॉडेलची वेगळी, ती मॅन्युअलमध्ये बघा. रिस्टोअर करताना प्रीसेट, आयआर आणि ग्लोबल सेटिंग्ज, तिन्ही परत येताहेत ना ते तपासा.

पायरी ५: मॉडेलला दोष देण्याआधी

आवाज वेगळा वाटला तर आधी मोबाइलमधले ते फोटो उघडा आणि ग्लोबल सेटिंग्ज एकेक करून ताडून बघा.

आवाज माशी घोंघावल्यासारखा, पातळ आणि वरून खरखरीत झाला असेल तर आयआरची जागा रिकामी आहे. रीसेटमध्ये आयआर पुसले गेले, प्रीसेटमधला ब्लॉक मात्र अजून त्या आयआरकडे बोट दाखवतोय. कॅबशिवाय डिस्टॉर्शन असंच वाजतं. आयआर मूळ क्रमांकावर परत चढवा.

गेन कमी, आवाज मलूल: इनपुटची पातळी ‘लाइन’वर गेली आहे का बघा, गिटारला ‘इन्स्ट्रुमेंट’ हवी. पेडलनंतर खरं अँप जोडलं असेल तर आउटपुटची पातळीही तपासा. ती लाइनवर गेली की अँपच्या तोंडावर जास्त सिग्नल आदळतो आणि क्लीन प्रीसेटसुद्धा फाटतो. ग्लोबल ईक्यू वापरत असाल तर तो सपाट होऊन बसलेला असू शकतो, आणि मग एकजात सगळे प्रीसेट बदलल्यासारखे वाटतात. सगळेच बदलले असतील तर संशय ग्लोबलवर, एखादाच बदलला असेल तर मॉडेलवर.

गिटारची चमक गेली असेल तर इनपुट इम्पीडन्स बघा. ‘ऑटो’वर तो साखळीतल्या पहिल्या ब्लॉकप्रमाणे बदलतो, २२ किलोओमवर पिकअपची वरची धार बोथट होते, १ मेगओमवर ती मोकळी राहते. रीअँपिंगमध्ये हा दोष दिसत नाही, कारण डीआय रेकॉर्ड होतानाच इम्पीडन्सचा परिणाम त्यात उतरलेला असतो. म्हणून रीअँपिंग जुळलं तरी गिटार लावून एकदा वाजवून बघायचंच.

पायरी ६: तुलना

तोच डीआय, त्याच प्रोजेक्टमधून, पुन्हा फिरवा. जुनी आणि नवी फाइल एकाखाली एक ठेवा. आधी लाउडनेस मीटरवर दोघांचा एलयूएफएस आकडा (कानाला जाणवणारी सरासरी मोठाई) जुळवा, कारण १ डीबीने मोठा असलेला आवाज कानाला ‘चांगला’ वाटतो आणि निवाडा तिथेच चुकतो. मग डोळे मिटून कोणालातरी ट्रॅक अदलाबदल करायला सांगा. ओळखता आलं नाही तर विषय संपला, वाजवायला बसा.

ओळखता आलं, किंवा शंका उरली, तर नल टेस्ट करा. एका ट्रॅकची पोलॅरिटी उलटी करून दोन्ही एकत्र वाजवा. सारखे असतील तर एकमेकांना खाऊन टाकतील आणि शांतता उरेल. उरलेला आवाज म्हणजे बदल. यात दोन सापळे आहेत. पातळीत ०.१ डीबीचा फरक असला तरी उणे ३९ डीबीच्या आसपास शिल्लक राहते. आणि नव्या फर्मवेअरने विलंब एका सॅम्पलने जरी हलवला, तरी ४८ किलोहर्ट्झवर १०० हर्ट्झची शिल्लक उणे ३८ डीबी, पण १० किलोहर्ट्झची शिल्लक मूळ आवाजापेक्षाही मोठी! म्हणजे मॉडेल तेच असून ट्रेबल बदलल्याचा आभास होतो. वेव्हफॉर्म पूर्ण झूम करून पहिल्या स्ट्रोकचं टोक सॅम्पल ते सॅम्पल जुळवा, मग निकाल वाचा.

शिल्लक फक्त पाम म्यूटच्या जागी असेल तर पॉवर अँप किंवा सॅग, सगळीकडे सारखी असेल तर गेन किंवा कॅब. नक्की करायला कॅब बंद करून पुन्हा एकदा फिरवा. पण आता जुनी फाइलही कॅबशिवायची लागेल. म्हणून पायरी २ मध्येच एका प्रीसेटची कॅबशिवाय प्रत घेऊन ठेवली तर पुढे त्रास वाचतो.

पायरी ७: जुळवणं

मॉडेल खरंच बदललं असेल तर ईक्यूला आधी हात लावू नका. क्रम असा: ब्लॉकची पातळी, मग ड्राइव्ह, मग मास्टर, त्यानंतर बेस-मिड-ट्रेबल, सर्वात शेवटी कॅब. ड्राइव्ह कमी-जास्त झाला की बेसची जाडी आणि वरची खरखर आपोआप बदलते. आधी ट्रेबल फिरवलात तर एकच चूक दोन ठिकाणी दुरुस्त करत बसाल. ड्राइव्ह अर्ध्या अर्ध्या आकड्याने हलवा आणि हलक्या हाताने वाजवलेला ई मेजर जुळतोय का ते बघा. तो जुळला की जोरदार स्ट्रोक बहुतेक जुळतातच. मास्टर व्हॉल्यूम नसलेल्या अँपच्या, उदाहरणार्थ मार्शलच्या जुन्या प्लेक्सीच्या, मॉडेलमध्ये मास्टर हा कंपनीने वरून दिलेला नॉब असतो. खऱ्या अँपसारखं वागायला तो १० वर हवा.

लेगसी कॅबवरून नव्या कॅबवर जायचं असेल तर माइक स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेपाशी, अगदी जवळ ठेवून सुरुवात करा. लो कट ८० हर्ट्झ, हाय कट ७ ते ८ किलोहर्ट्झ. टोचत असेल तर हाय कट खाली आणण्याआधी माइक कडेकडे सरकवा.

मागे जायचं असेल तर

नव्या फर्मवेअरमध्ये सेव्ह केलेला प्रीसेट जुन्यात नीट उघडेल याची खात्री नसते. म्हणून आठवडाभर नव्यावर वाजवून बघा, पण जुने प्रीसेट त्याच जागी सेव्ह करू नका, नव्या जागी प्रत काढा. मागे जाताना पायरी ३ मधली फर्मवेअरची फाइल, तिच्या जोडीचं एचएक्स एडिट आणि त्या दिवशीचा बॅकअप, तिन्ही एकत्र वापरायचं. अपडेट अर्ध्यात तुटून पेडल सुरूच होत नसेल तरी ते सहसा मेलेलं नसतं: मॅन्युअलमध्ये दिलेली बटणं धरून ‘अपडेट मोड’मध्ये चालू करा, केबल बदला, दुसऱ्या यूएसबी पोर्टमध्ये लावा आणि फर्मवेअर पुन्हा पहिल्यापासून चढवा.